जीभ दाखवायला सेवाग्रामला

ये गं शुभा, अशी जवळ बस. तू पुण्यात, मी वर्ध्याकडच्या तळेगावात, तरी जवळ बस. कान धरायचा तर माणूस हाताशी हवं. महिना झाला तू फोनवर सांगतेस, मावशी, जीभ पोळते, जेवताना डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टरकडे गेलीस का विचारलं की म्हणतेस, "मोबाइलवर वाचलं, पुष्कळ कारणं असतात." अगं शहाणे, मोबाइलनं तुझी जीभ पाहिली का? म्हणून हे लिहून पाठवते आहे. दुसऱ्या कुणी वाचलं तरी चालेल, जिभा सगळ्यांनाच असतात.

तुला सांगितलं नव्हतं, पण पोळ्याच्या सुमारास माझंही तोंड आलं. उष्णता झाली असेल म्हणून जाईचा पाला चघळला, मळ्यातली कोवळी तोंडली चघळली, तुरटीच्या गुळण्या केल्या. मेडिकलमधून गोळ्याही आणल्या. चार दिवस बरं वाटे, पुन्हा तेच. जीभ सुजून जाड झाली, कडांना दातांच्या खुणा पडल्या. आरशात पाहिली तर लालबुंद आणि गुळगुळीत, सालं काढलेल्या टमाट्यासारखी. वांग्याची भाजी राहू दे, कोमट वरणही झोंबायचं. भाजी घेऊन बाजारात बसले तर गिऱ्हाइकं विचारायची, मावशी, आज रागावल्या का? मी, आणि गप्प!

का गप्प होते, ते तुला सांगायला नको. तुझी आई अशीच पदराआड तोंड धरून बसायची. गुडाखू (तंबाखू-गुळाची मशेरी) घासायची ती, आणि तोंडातला फोड तिनं कितीतरी दिवस कुणाला दाखवला नाही. दाखवला तेव्हा डॉक्टरांनी मान खाली घातली. मी गुडाखूला कधी हात लावला नाही, पण भीतीला कुठे कळतं ते? तुला वाटेल, एवढं पाहिलेली मावशी लगेच दवाखान्यात धावली असेल. नाही धावली. कळलं नाही तर तो आजार नाहीच, असं वाटत होतं मला.

पकडलं प्रमिलानं. आपली शेजारीण, अंगणवाडीतून निवृत्त झालेली, आठवते ना? मी भाकर पाण्यात भिजवून गिळत होते, ती दारात उभी.

"काऊन वं इंदू, पाण्यासंगं भाकर खाऊन राह्यली? घरात वरण नाई का?"

"तोंड आलं थोडंसं."

"कवापासून?"

"झाले काई दिवस."

"पोळ्यापासून पाहून राह्यली मी. आता दिवाळीही गेली. काढ जीभ."

लहान पोरासारखी जीभ काढली. तिनं मला उजेडाकडे वळवून ती नीट पाहिली. मग म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊ. दोन लुगडे थैलीत टाक. बोरगावले माह्या पोरीकडं राहू." नाही म्हणायची सोयच ठेवली नाही.

तळेगावहून आर्वीपर्यंत दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. झाडांवर संत्री पिवळी पडायला लागली होती, फांद्यांना बांबूचे टेकू दिले होते. पुढे कापसाची शेतं. ओटीत कापूस भरलेल्या बाया वाकून वेचत होत्या. तूर फुलावर होती. एवढं छान दिसत होतं, आणि मी मात्र जीभ दाताला लागू नये म्हणून जबडा धरून बसले होते. याच रस्त्यानं तुझ्या आईला नेलं होतं. तेव्हा ती खिडकीशी आणि मी तिच्या शेजारी. आता खिडकीशी मी होते.

आर्वीच्या स्टँडवर गाडी थोडा वेळ थांबली. प्रमिलानं चहा आणला, तिचा दुधाचा, माझा कोरा.

"अजून नाई सुटलं तुह्यं?" तिनं विचारलं.

शुभा, हे तुला आजवर माहीत नाही. मी कोरा चहा पिते तेव्हा तू विचारायचीस, आणि मी दुधानं गॅस होतो म्हणून सांगायची. खरं कारण ऐक. तुझ्या बाळंतपणात तुझं रक्त थांबत नव्हतं, जावईबापूंचा फोन आला, तेव्हा मी ताक घुसळत होते. रवी तशीच ठेवली, देवघरापुढे गेले आणि म्हटलं, हिची आई नेलीस, हिला राहू दे. मी गोरसाला शिवणार नाही. दूध, दही, ताक, तूप, सगळं सोडलं. तू वाचलीस. तुझी लेक आता शाळेत जाते. मी मांस-मच्छी, अंडं कधी खाल्लं नाही, गळ्यात तुळशीची माळ. राहिली भाजी-भाकर आणि वरण. त्यात काय कमी पडतं, असं वाटायचं.

"पण कवापर्यंत, ते काय बोलली होती?" प्रमिला बशी फुंकत म्हणाली.

"ते बोलायचं राहूनच गेलं."

"अवं, बँकेत ठेव ठेवली त तिलेही मुदत असते! देवासंगं बोलताना बिनमुदतीचं बोलली?" मग कप खाली ठेवून म्हणाली, "जाऊ दे. आमच्यात नवस नाई. मी तुह्या देवाच्या मधात पडत नाई."

आर्वी सुटल्यावर खरांगण्याकडे सागाची झाडं लागली, पानं मोठी आणि गंजलेली. गाडीत डुलकी लागली. वर्ध्याला जाग आली ती प्रमिलाच्या हाकेनं. खाली उतरले, थैली घेतली, चालायला लागले, तोच ती ओरडली, "इंदे, चप्पल!" खाली पाहिलं तर एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. फरशीवर उभी होते, आणि मला कळलंसुद्धा नव्हतं. कंडक्टरनं सीटखालून काढून खिडकीतून फेकली. "मावशी, दुसरीही ठेवून जा," म्हणाला, "जोडी व्हईन माह्या बायकोले." आजूबाजूचे हसले, मीही हसले. हसताना जीभ दुखली.

स्टँडबाहेर प्रमिलानं पोरीसाठी गोरसपाक (गाईच्या तुपातली वर्ध्याची बिस्किटं) घेतला. पुडक्याला तुपाचा वास येत होता. तिनं ते मुकाट्यानं आपल्या थैलीच्या तळाशी घातलं, माझ्यापासून लांब. तिचं हे असंच असतं. तोंडानं टोचते आणि हातानं जपते.

ऑटोनं सेवाग्रामला पोचलो. दवाखाना गजबजलेला. यवतमाळकडचे, चंद्रपूरकडचे, कुठकुठले लोक. कुणी भाकरीचं गाठोडं सोडून झाडाखाली बसलेलं, कुणी सलाइनची बाटली उंच धरून चाललेलं. रांगेत माझ्या पुढे एक बाई होती, तोंडाला पदर लावलेला. तिच्या नवऱ्यानं विचारलं, "तुमालेही तोंडाचंच का?" मी मान हलवली. त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. दोघींना एकमेकींची भीती कळली. तिला आत नेलं तेव्हा ती मागे वळून पाहत होती. तिचं पुढे काय झालं माहीत नाही. अजून आठवते ती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी दिवा लावून जीभ पाहिली, हातमोजा घालून कडेनं, बुडाशी, जिभेखाली चाचपली, गळ्याला गाठी आहेत का पाहिलं. मी डोळे मिटून घेतले होते.

"तंबाखू, खर्रा, गुडाखू?"

"नाही."

"एखादा दात तुटलाय का? घासतो जिभेला?"

"नाही."

"नवीन औषध सुरू केलंय? ब्लडप्रेशरचं वगैरे?"

तेही नव्हतं. मी विचारलं, औषधानं जीभ कशी सुजेल? त्या म्हणाल्या, "सुजते ना. एखाद्या गोळीनं, एखाद्या खाण्यानं सुजते. अशी एकाएकी सुजली, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास व्हायला लागला, तर घरी थांबायचंच नाही, तसंच उठून दवाखाना गाठायचा. तुमची हळूहळू सुजली आहे. हे वेगळं." हे तूही ध्यानात ठेव, शुभा.

मग त्यांनी विचारलं, "पायांना मुंग्या येतात? बधिर वाटतात?"

मी नाही म्हणणार, तोच मागून प्रमिला, "अवं बाई, आता स्टँडवर हिच्या पायातली चप्पल गेली त हिले पत्ता नाई!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली, आणि हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही खाता काय?"

भाजी, भाकर, वरण. अंडं? नाही. दूध, दही, ताक? नाही. कधीपासून? नात झाली तेव्हापासून. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. माझ्या मनात होतं ते विचारायला जीभ उचलेना. प्रमिलानंच विचारलं, "बाई, तो मोठा आजार त नाई ना? हिची बहीण त्यानंच गेली."

"मला गाठ लागली नाही, जखम दिसली नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या रिपोर्ट पाहूनच सांगते."

संध्याकाळी बोरगाव मेघेला प्रमिलाच्या लेकीकडे गेलो. नवं घर, दारात झेंडू, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. लेकीनं माझ्यासाठी मुगाचं पातळ वरण केलं, निववून दिलं, पोळी कुस्करून दिली. बाकीच्यांना पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचा तिखट रस्सा) होता. त्याच्या वासानंच जीभ चरचरली. पोरगी म्हणाली, "मावशी, बऱ्या झाल्या की खास येजा पातोडी खायले." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, येणं होतं की नाही देव जाणे. तुझ्या आईनंही असंच कुणाला तरी हो म्हटलं असेल.

सकाळी रिपोर्टला वेळ होता म्हणून सेवाग्रामच्या आश्रमात जाऊन बसलो. मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, मोठाल्या झाडांची सावली. शाळेची मुलं रांगेनं आली, कुजबुजत गेली. मी पायाचा तळवा सारवणावर दाबून पाहत होते. गार आहे हे डोळ्यांना कळत होतं, पायाला कळत नव्हतं. किती दिवस हे असं चाललं होतं, आणि मी म्हणायची, वय झालं.

"भ्याव लागते का?" प्रमिलानं विचारलं.

"हो."

तिनं माझा हात धरला आणि दवाखान्याची वेळ होईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. "मावशी, कॅन्सर नाही. तुमच्या अंगातलं बी-बारा नावाचं जीवनसत्त्व पार संपलंय, रक्तही कमी झालंय. त्यामुळेच जीभ अशी झाली आणि पाय बधिर झाले." मी ऐकलं आणि रडायलाच लागले. एवढ्या दिवसांचं अडलेलं बाहेर पडलं. त्या थांबल्या, रडू दिलं. मग म्हणाल्या, हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत मिळत नाही, दूध-दह्यात मिळतं. आता इतकं कमी झालंय की नुसत्या दुधानं भरून निघायचं नाही, सुया घ्याव्याच लागतील. गावच्या सरकारी दवाखान्यात देतील. जीभ लवकर बरी होईल, पायांना वेळ लागेल. आणखी उशीर केला असता तर पाय पुरते सुधारले असते की नाही, सांगता आलं नसतं.

मी त्यांना नवसाचं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "सुया मी लिहून देते. दुधाचं तुम्ही ठरवा. पण ठरवा मात्र."

निघताना तुझंही विचारलं मी. माझ्या भाचीची जीभ महिनाभर पोळते म्हणून. त्या म्हणाल्या, "न पाहता कसं सांगू? कारण साधंही असेल. पण दोन-तीन आठवड्यांत बरं होत नसेल तर डॉक्टरला दाखवायलाच हवं. आणि आईला तो आजार होता म्हणता, मग तर पाठवाच."

परतीच्या गाडीत पहिली सुई दंडात ठणकत होती. संत्र्याच्या बागा आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. मी प्रमिलाला म्हटलं, "देवाले दिलेला शब्द कसा मोडू वं? अन् शुभाले काई झालं त?"

देवाच्या मधात पडत नाही म्हणणारी ती, पण म्हणाली, "मोडू नको. जिच्यासाठी सोडलं, तिच्या हातानं घे. ती जित्ती हाये, समोर बसून वाटी देऊन राह्यली, हे तुह्या देवाले दिसू दे. मंग तो काय म्हणन?"

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. सुया चालू आहेत. जिभेची आग उतरली, बाजारात पुन्हा माझा आवाज ऐकू येतो, लोक वैतागले असतील. पण ताकाचा घोट मी अजून घेतला नाही. तुझ्या आईनं लपवलं, मी लपवलं, आता तू मोबाइलात तोंड घालून तेच करते आहेस. आधी तिथल्या डॉक्टरला जीभ दाखव, मग लेकीला घेऊन इकडे ये, लवकर ये. ती रवी मी घासून ठेवली आहे. तू येणार म्हटलंस की आदल्या दिवशी विरजण लावीन. घुसळीन मी, पण वाटी तू भर आणि तुझ्या हातानं माझ्या तोंडाला लाव.