बीड आणि बिडु

सोलापुरातल्या त्या प्रयोगशाळेत सिद्धेश्वरीबाई एक आई सोडली तर सगळ्यांना अहो-जाहो करत. माणसांना तर करतच, यंत्रालाही करत. यंत्र सुरू झालं की काचेला नाक लावून पुटपुटत, "बर्री, बर्री." त्यांच्या दुधनीच्या माहेरी पाहुणे दारात दिसले की कानडीत असंच म्हणतात, या, या.

इथले पाहुणे म्हणजे बीड. लोखंडाचे कण, पण एकेकटा डोळ्यांना दिसायचा नाही इतका बारीक. नमुन्यातल्या जंतूंचा डीएनए त्यांना चिकटतो. मग प्लास्टिकचं टोपरं घातलेली चुंबकाची कांडी खाली येते, कण गोळा करते, ताटलीतल्या शेजारच्या खळग्यात नेते. तिथं चुंबक वर सरकतं, कण सुटतात. असं धूत धूत शेवटी स्वच्छ डीएनए हाती येतो. पथ्य एकच. बीड तळाशी बसतात, म्हणून बाटली हलवल्याशिवाय ओतायची नाही.

त्या दिवशी अकलूजहून एका तान्ह्या बाळाचा नमुना आला. पाठीच्या मणक्यातून काढलेलं थेंबभर पाणी. ताप मेंदूत शिरलेला, कशामुळे ते कळेना, डॉक्टर अंदाजानं औषध देत होते. पुन्हा सुई सोसण्याचं त्राण बाळात नव्हतं. होतं ते सगळं पाणी बाईंनी खळग्यात घातलं.

नेमका तेव्हाच आईचा फोन. शेंगाचटणीचा डबा ड्रायव्हरकडे देऊ की कंडक्टरकडे, हा म्हातारीचा कायमचा घोर. इकडे मंद्रूपचे मल्लिनाथ, बाईंचे जुने सहकारी, बाटली उचलून विचारत होते, "म्याडम, बीड हालवू का?"

"ईग बिडु!" बाई आईवर करवादल्या. आता राहू दे! मल्लिनाथ पडले अर्धे कानडी; त्यांना म्हणायचं असतं तर बाई मानानं 'बिड्री' म्हणाल्या असत्या, हे त्यांना सुचलं नाही. बाईंनी आधीच हलवली असेल असं समजून त्यांनी वरचं पाणीच ओतलं आणि यंत्र लावलं.

बाई काचेपाशी आल्या आणि 'बर्री' ओठातच राहिलं. खळगा चहाच्या रंगाचा हवा, तर नुसतं पाणी.

"मल्लिनाथ, बाटली हालवली न्हाई का तुम्ही?"

"तुमीच बिडु म्हनला की!"

बाईंनी यंत्र थांबवलं. एरवी पोट धरून हसल्या असत्या. "तुमचं काय चुकलं? हातात काम असताना फोन मी घेतला," एवढंच म्हणाल्या. मग एकदम खळग्यावर वाकल्या. "पण सांडलं तर काहीच न्हाई की! ज्या डीएनएला कुणी उचललं न्हाई, तो पहिल्याच खळग्यात बसलाय."

बाटली खळखळून हलवली, बीड त्याच खळग्यात घातले, यंत्र पुन्हा पहिल्यापासून लावलं. "बर्री," त्या म्हणाल्या.

दुपारी तपासणीच्या पडद्यावर बाळाच्या नमुन्याची रेघ, जंतू असला तरच वर चढणारी, बराच वेळ आडवीच सरपटत होती. दोघांपैकी कुणी चहाला हात लावला नाही. मग रेघ हळूच वर चढली. जंतू सापडला. कुणाच्या आजारानं हरखू नये, पण आता औषध कुठलं द्यायचं ते डॉक्टरांना कळणार होतं.

"बंद्रु," बाई म्हणाल्या. आले.

या वेळी मल्लिनाथांना कानडी बरोबर कळलं. डोळे पुसत ते डॉक्टरांना फोन लावायला धावले.