चांगदेवाचा ओटा

घराच्या नकाशावर इंजिनिअरची सही लागते, याचा निमगाव सावाच्या चांगदेवाला भारी राग. पारावर विषय निघाला की तो उसळायचा, "जागा माझी, विटा माझ्या, मधी ह्यो कोन? आमच्या आज्यानं कुनाची सही घेतली व्हती?"

मग नियम सैल झाला. छोट्या घराला आता इंजिनिअरचा नकाशा लागणार नाही, असं ग्रामपंचायतीत कळलं, तसं त्यानं पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आखणीच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं घेऊन तो जागेवर गेला. रस्त्याच्या बाजूला त्यानं बसायला ऐसपैस ओटा आखला. बायकोनं, बयाबाईनं, तो पायानं पुसला आणि तिथंच स्वयंपाकघर आखलं.

"जलमभर भितीकडं तोंड करून भाकरी थापली. आता मला रस्ता दिसला पायजे."

त्यानं पुन्हा ओटा आखला, तिनं पुन्हा पुसला. शेवटी फक्की संपली.

दुपारी चांगदेव मंचरला गेला आणि ज्याला इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्याच इंजिनिअरच्या ऑफिसात जाऊन बसला.

"आता माझी सही लागत नाही," इंजिनिअर म्हणाला.

"सही नकोच, साहेब. तुमी फकस्त घरी चला, आन् आमच्या मंडळीला सांगा, रस्त्याकडंला ओटाच पायजे, असा नियम हाय."