व्याह्यांचा चुकून लागलेला हात

माणसं कशी मरतात याबद्दल माझे व्याही जितक्या प्रसन्न चेहऱ्याने बोलत, तितक्या प्रसन्न चेहऱ्याने लोक जेवणाबद्दलही बोलत नाहीत; आणि त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूस मी सबंध सिंगापुरात पाहिला नाही. क्वीन्सटाउनमधल्या एका संध्याकाळच्या वर्गात ते इंग्लंडचा फौजदारी कायदा शिकवत. इथल्या कोर्टात तो चालत नाही, इथला पीनल कोड वेगळा. पण बिलायतेच्या पदवीची परीक्षा इथे बसून देणारी मुलं पुष्कळ, आणि ती व्याह्यांकडे येत. त्यातही त्यांचा जीव एकाच प्रकरणावर. मारायचं मनात नसताना, एखादं लहानसं बेकायदा कृत्य करताना, हातून माणूस मरतो तेव्हा काय? व्याही बोटांवर मोजून सांगत: कृत्य मुद्दाम केलेलं हवं आणि मुळातच गुन्हा असलेलं हवं, ते धोकादायक हवं, आणि मरण त्यानेच आलेलं हवं. करणाऱ्याला धोका कळला होता की नाही, हे कोणी विचारत नाही. शुद्धीतल्या समंजस माणसाला, थोडीफार तरी इजा होईल, असं वाटलं असतं, की पुरे. "सर, नॉट फेअर ला," असं एक विद्यार्थी म्हणाला, तेव्हा व्याही हसून म्हणाले होते, "फेअर असतं तर मला पगार कशाला मिळाला असता?"

हा शुद्धीतला समंजस माणूस त्यांच्या घरात जवळजवळ राहायलाच होता. छत्री मिटून घे, समंजस माणसाला तिचं टोक दिसतंय. कठड्यावरची तुळशीची कुंडी आत घे; वाऱ्याने पडली तर कृत्य नाही, पण रागाने ढकललीस तर आहे. विहीणबाई होत्या तोवर म्हणत, "एवढा समंजस असेल तर त्यालाच जेवायला बोलवा. निदान आमटीत मीठ कमी म्हणणार नाही." आमच्या मुलांच्या लग्नात माझ्या भाच्याने गंमत म्हणून कोणाची तरी खुर्ची मागे ओढली. मुलीचा बाप, डोक्यावर फेटा, अक्षता वाटता वाटता थांबला आणि शांतपणे म्हणाला, "कृत्य मुद्दाम, कृत्य धोकादायक. आता फक्त मरण बाकी आहे."

हे सगळं हातवाऱ्यांसकट. धक्का म्हणजे काय हे ते दाखवू लागले की समोरचा मागे सरकायचा, इतके ते लांब हात जिवंत होते. आणि असा हा वादपटू माझ्यापुढे मात्र कधी वाद घालत नसे, कारण मी मुलाचा बाप. पहिलं ताट मला, पंख्याखालची जागा मला, "आपण म्हणाल तसं" हेही मला. मी गमतीने म्हणायचो, "व्याही, हे कुठल्या कायद्यात बसतं?" ते म्हणत, "हा कायद्याच्या आधीचा आहे." मला ते आवडायचं. चांगलंच आवडायचं.

आता पेठ्यांबद्दल. पेठे बँकेतून निवृत्त झालेले, जिभेने तिखट, मनाने बरे. बेडोकच्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या ठेल्यांच्या त्या मंडईत, आम्ही तिघे सकाळी बसत असू. त्या दिवशी पेठे मला म्हणाले, "तुमच्या मुलाचं बरं आहे. मेड ठेवली की तिला सुट्टी द्यावी लागते. बाप ठेवला की तेही नाही." मी तेव्हा मुलाच्या जिवावर, व्हिजिट पासवर इथे राहत होतो, नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडत होतो. लागलं मला. पायऱ्या उतरताना ते तेच पुन्हा बोलले, आणि मी वळून त्यांच्या छातीवर दोन्ही हात लावून ढकललं. पायऱ्या नुकत्याच धुतलेल्या होत्या. पेठे मागे पडले, डोक्याची मागची बाजू पायरीच्या कडेवर आपटली. त्याच संध्याकाळी ते हॉस्पिटलमध्ये वारले.

तिथे खांबाचा आडोसा होता. मागून येणाऱ्या व्याह्यांखेरीज कोणी पाहिलं नाही. पोलीस आले तेव्हा व्याही माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "आपण बोलायचं नाही. मुलीच्या घराचा प्रश्न आहे." मग त्यांनी इंग्रजीत सगळं स्वतःवर घेतलं: "पेठ्यांना मी काहीतरी समजावत होतो, बोलताना माझे हात फार हलतात, माझाच चुकून धक्का लागला." ते सगळ्यांनाच पटलं. त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही ते पटलं असतं.

पुढे त्यांनी मला समजावलं, वर्गात समजावत तसंच. "आपला हात मुद्दाम होता. मुद्दाम म्हटलं की पहिला मुद्दा आला, मग दुसरा, मग तिसरा. गुन्ह्याचं नाव इथे वेगळं असेल, पण आपला पास जाईल, मुलाची मान खाली जाईल, आणि माझी मुलगी त्या घरात कशी नांदेल? माझा हात चुकून. पहिलाच मुद्दा पडतो."

"पण हे खोटं आहे."

"हो. तो वेगळा गुन्हा आहे. तो मी शिकवत नाही."

चौकशी झाली, दुर्दैवी अपघात ठरला. पण लोकांच्या कोर्टात अपील नसतं. गणपतीच्या आरतीला त्यांच्या शेजारी जागा राहू लागली. पेठेबाई त्यांना पाहून रस्ता ओलांडत. वर्गात ते हात पँटच्या खिशात घालून शिकवू लागले. मुलांना वाटलं, एसीची थंडी बाधत असेल. सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांची मुलगी, माझी सून. ती माझ्या नातीला म्हणायची, "आजोबांच्या हातांपासून लांब बस, बाळा." व्याही हसून स्वतःच दूर सरकत. आणि मी पंख्याखाली बसून ते बघत असे.

एकदा मी विचारलं, "आणि जो नुसता गप्प राहिला, त्याचं काय?" ते म्हणाले, "या गुन्ह्याला कृत्य लागतं. नुसतं काही न करणं पुरत नाही." माझं समाधान व्हावं म्हणून म्हणाले असणार. त्या उत्तराच्या आडोशाने मी आणखी काही वर्षं काढली.

ते शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा मी सुनेला खरं सांगितलं. ती तशीच हॉस्पिटलात गेली. परत आली ती डोळे पुसत, आणि मला म्हणाली, "बाबा, अप्पा म्हणाले तुमच्या मनावर परिणाम झालाय. पेठेकाका तुमचे मित्र, म्हणून तुम्ही स्वतःला दोष देताय. त्यांनी मला सगळं मुद्देसूद सांगितलं." मुद्देसूद सांगण्यात त्यांच्यापुढे माझा काय टिकाव लागणार? चार दिवसांनी ते गेले, खटला जिंकून.

म्हणून हे लिहितो आहे. गेल्या आठवड्यात पोलीस स्टेशनला जाऊन जबानी दिली. तरुण अधिकाऱ्याने मला खुर्ची दिली, सगळं टिपून घेतलं, कळवू म्हणाला. पेठेबाईंकडेही गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, दार उघडंच ठेवलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

सुनेने ही पानं काल स्वयंपाकघरात उभ्याने वाचली. वाचून झाल्यावर एकच विचारलं, "ढकललंत तेव्हा अप्पांचे हात कुठे होते?"

मी म्हणालो, "एका हातात माझी कॉफी होती, दुसऱ्या हातात त्यांची. मुलाच्या बापाला कप उचलू देत नसत ते. पेठे पडल्यावर त्यांनी दोन्ही कप आधी पायरीवर ठेवले, मग गुडघ्यांवर बसले. मला आठवतं, काही सांडलं नव्हतं."

ती खुर्ची ओढून बसली. दोन्ही हात टेबलावर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. लांब बोटांचे, व्याह्यांसारखेच हात आहेत तिचे. इतकी वर्षं त्याच हातांनी मला वाढलं, आणि मी ते कधी नीट पाहिले नव्हते.