नाना मिस्त्रींच्या घराचं दुपाखी छप्पर

नाना मिस्त्रींची आणि माझी ओळख एरंडोलात एका अर्धवट घराच्या शिडीवर झाली. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. मी धुळ्याहून आलेला नवा ओव्हरसियर. खिशात नकाशा आणि डोक्यात बरीच हवा. नानांनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "साहेब, कागदवर पानी पडत नही." छपराचा उतार त्यांनी वाढवून घेतला. मला राग आला होता, हे आज त्यांच्या सत्कारात कबूल करतो.

सारं गाव धाब्यांचं, म्हणजे मातीच्या सपाट छपरांचं. दरवर्षी माती घातली तरी गळती ठरलेलीच. नानांनी लोकांना दोन्हीकडे उतरत्या कौलारू दुपाखी छपरांची गोडी लावली. आढ्यावरून घागरभर पाणी ओतून पाहिल्याशिवाय ते घर ताब्यात देत नसत.

लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी स्वतःच्या घरावर दुपाखी चढवलं आणि तिथेच चुकले. गल्लीतली धाबी एकमेकांना लागून. उन्हाळ्यात बायका त्यांवरूनच घरोघर हिंडत, कुरडया घालत, सुखदुःख बोलत. नानांचं घर नेमकं मधोमध. ती वाट तुटली. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, पूर्वी घरातल्या पायऱ्यांनी वर जात. आता शेजारच्या शिड्या चढाव्या लागत, आणि त्या त्यांच्या गुडघ्यांना झेपेनात. एकदा मी जेवायला असताना त्या म्हणाल्या, "घर चांगलं शे हो. पन सगळ्या बाया तठे वर, अन् मी आठे एकलीच."

दुसऱ्या दिवशी नाना कौलं उतरवायला निघाले, तेव्हा अक्कांनीच अडवलं. "मिस्तरीच आपलं छप्पर काढाले लागला, तर लोक काय म्हनतीन?" छप्पर तसंच राहिलं, धंदा टिकला. पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला नाना आधी सांगत, "पहिले घरवालीले इचार." त्यापायी कामं हातची गेली, पण त्यांनी सांगणं सोडलं नाही.

मी विषमज्वरानं पडलो तेव्हा या दोघांनी मला घरी नेऊन महिनाभर सांभाळलं. गावात माझं दुसरं कोणी नव्हतं.

अक्का गेल्या वर्षी गेल्या. या चैत्रात, साठाव्या वर्षी, नानांनी छपराच्या मागच्या उताराचं पाखं उतरवून तिथे धाबं घातलं. मी मदतीला गेलो, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही. आता बायका पुन्हा तिथून ये-जा करतात आणि नाना खाली एकटे बसून ऐकत असतात.

नानांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. हे मागताना माझं मन कचरतं, कारण ते आयुष्य त्यांना अक्कांवाचून काढायचं आहे. म्हणून सत्काराला जमलेल्या सर्वांना हात जोडून सांगतो, हार घालून लगेच परतू नका. नानांच्या घरी चला, थोडा वेळ बसा.