मळकं जॅकेट

खाडी ओलांडायला लाँचमध्ये बसले, तेव्हा शेजारच्या कोळीणबाईंनी माझ्या हातात लाइफ जॅकेट दिलं. नारिंगी रंग विटलेला, कॉलरला खोबरेल तेलाचा वास, छातीवर कुणाची तरी हळदीची बोटं.

“फारच मळलंय हो,” मी म्हटलं.

“मळकं हाय तेच बरं, बाय,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझा पट्टा आवळला.

इथल्या जुन्या लाँचला मालवाहू जहाजाची धडक बसली, तेव्हाही जॅकेटं होती. नवी कोरी. खराब होऊ नयेत म्हणून प्लास्टिकमध्येच बांधून ठेवलेली. गाठी सुटेपर्यंत माणसं गेली.

आपण सोफ्यावरचं प्लास्टिक काढत नाही, रिमोटला पिशवी घालतो, चांगले कप पाहुण्यांसाठी ठेवतो. जपायचं म्हणजे वापरायचं नाही, अशीच आपली समजूत.

आज लाँचभर विटका नारिंगी रंग होता. समोर एक गुरुजी जॅकेटातच डुलक्या घेत होते. आईच्या मांडीवरचं बाळ आपल्या इवल्या जॅकेटचा पट्टा चघळत होतं. दूर जहाजाचा भोंगा वाजला, आमच्या लाँचनेही उत्तर दिलं. मला फार निवांत वाटलं.

उतरल्यावर मी जॅकेट लाँचमध्ये चढणाऱ्या एका बाईंना दिलं. त्यांनी नाक मुरडलं. कॉलरला आता माझाही घाम लागला होता.