हातात धरलेली सायकल

मामांनी आयुष्यातली छत्तीस वर्षं वर-खाली जाण्यात घालवली. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या निम्म्या इमारती त्यांना लिफ्टमामा म्हणून ओळखायच्या, खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. धंद्याच्या खोडी अंगात मुरल्या होत्या. कुठल्याही बंद जागेत शिरले की मामा दाराकडे तोंड करून, दाराच्या वरच्या पट्टीकडे बघत, गप्प उभे राहायचे. डॉक्टरांचा दवाखाना असो की साडूची बैठकीची खोली, आपला मजला येईपर्यंत माणसाने बोलू नये असं त्यांचं मत होतं.

त्यांची बायको शाळेत शिकवायची. तिला सगळे बाई म्हणत, आणि चारचौघांत मामाही बाईच म्हणत. बाईंनी तीस वर्षं अख्ख्या शाळेचं वेळापत्रक लावलं होतं. निरोपाच्या दिवशी शाळेने त्यांना पितळेचा टोल आणि तो वाजवायची हातोडी भेट दिली. दुसऱ्या कुणी तो भिंतीवर टांगून ठेवला असता.

दोघं एकाच वर्षी निवृत्त झाली, आणि बाईंनी जाहीर केलं की आता घरात बसायचं नाही. फिरायचं. तंबू ठोकायचे, मोकळ्या हवेत राहायचं, आणि जिथे जिथे सायकलवाट असेल तिथे सायकल चालवायची. पाव वाटायचा एक जुना टेम्पो घेतला. मामांनी तो आतून असा सजवला की बघणाऱ्याला हसावं की नमस्कार करावा ते कळू नये. पलंग छताला दोराने टांगलेला, बटण दाबलं की खाली यायचा, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन म्हणून बाईंच्या पुस्तकांची पेटी. बाईंनी वाचायला एखादी कादंबरी काढली की पलंगावर झोपलेले मामा चार बोटं खाली यायचे. कादंबरी कितपत जाड आहे हे त्यांना पाठीनेच कळायचं.

वेळापत्रक टेम्पोच्या दारावर चिकटवलेलं होतं. पहिला तास व्यायाम, दुसरा नाश्ता, तिसरा आणि चौथा सायकल, मग मधली सुट्टी. प्रत्येक तासाला बाई टोल द्यायच्या. नव्या तळावर पहिल्या दिवशी लोक दचकायचे, दुसऱ्या दिवशी कुरकुर करायचे आणि तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीचा टोल पडल्याशिवाय कुणी डबा उघडत नसे. एका तळावर तर टोल ऐकून दोन अनोळखी म्हातारे रांगेत उभे राहिले होते.

सगळं उत्तम चाललं होतं. अडचण एवढीच होती की मामांना सायकल येत नव्हती.

म्हणजे सायकलीतलं सगळं येत होतं. चेन, ब्रेक, चाकाचा बाक, काय म्हणाल ते. तळावरचे लोक आपापल्या सायकली घेऊन त्यांच्याकडे यायचे. फक्त वर बसून पुढे जाणं जमत नव्हतं. तिसऱ्या तासाचा टोल पडला की मामा म्हणायचे, "तू हो पुढे, मी जरा चेन बघून येतो." आणि मग सायकलीच्या दांड्यावर नोकरीतली जुनी लाल पाटी अडकवायचे: दुरुस्ती चालू आहे. कृपया वापरू नये. छत्तीस वर्षं दुरुस्त्या केलेल्या माणसाला कशातही बिघाड सापडू शकतो, हे बाईंनी कधीच मान्य केलं होतं. त्या एकट्याच चक्कर मारून यायच्या. असं एक वर्ष निघालं.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं की सरळ. लाज कसली त्यात? पण गोष्ट इतकी सोपी नव्हती. त्यामागे बाईंची एक आवडती हकीकत होती, आणि ती त्यांनी आजवर प्रत्येक तळावरच्या प्रत्येक तंबूत सांगितली होती. लग्नाआधी, लिफ्टचं काम धरण्यापूर्वी, मामा एका वर्कशॉपमध्ये होते, आणि ते शाळेजवळ होतं. पाचचा टोल पडून बाई फाटकातून बाहेर आल्या की मामा सायकल घेऊन उभे. बाईंचं घर तासभराच्या वाटेवर. त्यांना सायकलवर मागे बसणं पसंत नव्हतं, आणि मामांनीही कधी बसा म्हटलं नाही. सायकल हातात धरून ते रोज तासभर त्यांच्याशेजारी चालायचे. "सायकल असून माझ्यासाठी चालत आला हो हा माणूस," असं म्हणताना बाई अजूनही पदर डोळ्यांना लावायच्या. ऐकणाऱ्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या. मामा दाराच्या वरच्या पट्टीकडे बघायचे.

आता ही गोष्ट मोडायची कशी? एका वाक्यात अडतीस वर्षं खाली आली असती, दोर तुटल्यासारखी.

तर झालं असं. मंडळी एका तळ्याकाठी उतरली होती. तळ्याला वळसा घालणारी चौदा किलोमीटरची सुरेख सायकलवाट होती. बुधवारी नाश्त्याच्या तासाला बाई म्हणाल्या, "रविवारी आपल्या लग्नाला अडतीस वर्षं होतील. त्या दिवशी तुमची चेन-बिन काही चालणार नाही. तेव्हा तुम्ही माझ्यासाठी चाललात. आता एकदा सायकलवर बसून माझ्या शेजारनं चला. बाकी मला काही नको."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. चार दिवस. छत्तीस मजल्यांच्या इमारतीला चार दिवसांत लिफ्ट बसवून दिली असती त्यांनी, पण हे वेगळं होतं.

शिकायचं तर मोकळी वाट हवी आणि बघणारं कुणी नको. बाईंनी तळ्याची वाट रविवारसाठी राखून ठेवली होती, तोवर त्या टेकडीकडच्या वाटेने जाणार होत्या. गुरुवारी तिसऱ्या तासाला त्या तिकडे गेल्या, आणि मामांनी जे छत्तीस वर्षं केलं तेच केलं. आपली लाल पाटी काढली आणि तळ्याच्या वाटेच्या फाटकावर अडकवली. एक जण आत आला असेल तर शपथ! लोक यायचे, पाटी वाचायचे, मान हलवून परत जायचे. आत मामा चार वेळा सायकलीसकट पडले. पाचव्यांदा सायकल झाडाला टेकून उभी होती आणि ते एकटेच पडले.

शुक्रवारी ते गेले तर पाटीखाली लाल दोरी बांधलेली, आणि शेजारी तळाचा व्यवस्थापक.

"वरून आदेश आलेला दिसतोय," तो म्हणाला. "मला कुणी कळवलं नाही, पण पाटी आहे म्हटल्यावर काहीतरी असणारच."

शेजारच्या तंबूतले एक निवृत्त इंजिनिअरही आले होते. त्यांनी हयातभर पूल बांधले होते, म्हणून सगळे त्यांना पूलवाले म्हणत. त्यांनी वाटेवर दोनदा पाय आपटून पाहिला. "पाया खचलाय," ते म्हणाले. "मी आल्या दिवशीच म्हटलं होतं."

"मामा, तुम्ही दुरुस्तीतली माणसं," व्यवस्थापक म्हणाला. "कुणी आत जाणार नाही एवढं बघाल का?" आणि त्याने खुर्ची आणून दिली. अशा रीतीने मामा आपल्याच पाटीवर राखणदार म्हणून बसले. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला अडवत राहिले, आणि सगळ्यांत आधी अडले ते स्वतः. सायकल शिकायला आत जायचं कसं? राखणदारच होते ना!

बाईंच्या कानावर बातमी गेलीच. "होईल हो तोवर," त्या अगदी निश्चिंतपणे म्हणाल्या. "दुरुस्तीवर तुम्ही आहात म्हटल्यावर मला काळजी नाही." मामांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शनिवारी कचेरीतून दोन कामगार आले. बरोबर कुदळी, फावडी आणि एक रोलर.

"काय बिघडलंय?" त्यांतल्या थोरल्याने विचारलं.

"पाटी कसली आहे?" धाकटा म्हणाला.

"दुरुस्तीची."

"मग झालं." आणि दोघांनी मामांकडे वळून विचारलं, "काका, कुठे खणायचं?"

काही बिघडलेलं नाही असं सांगायची ही खरी वेळ होती. पण काही बिघडलेलं नाही हे वाक्य मामांनी छत्तीस वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं. त्यांचा हात आपोआप वर झाला आणि त्यांनी समोरची एक जागा दाखवली. दुपारपर्यंत तिथे कमरेएवढा खड्डा झाला. पूलवाले काठावर उभे राहून म्हणाले, "बघा, खचलेलं आहे की नाही?"

रविवारी बाई नवे कॅनव्हासचे बूट घालून, केस घट्ट बांधून निघाल्या. दोन्ही सायकली पुसून चकचकीत केल्या होत्या. मामा आपली सायकल हातात धरून मागोमाग. त्यांनी ठरवलं होतं की खड्डा बघून बाई आपणहून म्हणतील, राहू दे. बाईंनी खड्डा पाहिला, रोलर पाहिला, आणि मग पाटी पाहिली.

पाटीवरून त्यांची नजर हलेना. कंपनीच्या सगळ्या पाट्यांवर नुसतं 'वापरू नये' असायचं. वीस वर्षांपूर्वी बाईंना ते उद्धट वाटलं होतं, आणि त्यांनी स्वतः पांढऱ्या रंगाने, शाळेच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात, अख्खी पाटी नव्याने लिहून दिली होती. 'कृपया' खाली दोन रेघा मारून. अशी पाटी जगात एकच होती.

"ही आपली पाटी आहे," बाई म्हणाल्या.

"हो."

"इथे कशी आली?"

मामा सवयीने दाराकडे तोंड करायला वळले. तिथे दार नव्हतं, नुसतं आभाळ होतं. मग ते म्हणाले, "मला सायकल येत नाही."

"येत नाही म्हणजे? गुडघे दुखतात?"

"नाही. कधीच येत नव्हती. त्या वेळेलाही नाही. कुणाला कळू नये म्हणून चार दिवसांत शिकायचं होतं. म्हणून पाटी लावली."

रविवारीही कामावर आलेल्या त्या दोघा कामगारांनी फावडी थांबवली. बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"अहो, अडतीस वर्षं मी जगाला सांगतेय! सायकल असून चालत आला! मुलीला सांगितलं, जावयाला सांगितलं, गेल्या आठवड्यात त्या पूलवाल्यांच्या बायकोला सांगितलं, तर ती दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही! आणि तुम्हाला चालणं भागच होतं!"

"हो," मामा म्हणाले. "भागच होतं."

"काका," धाकटा कामगार हळूच म्हणाला, "मग बुजवायचा का खड्डा?"

बाई आपल्या सायकलीजवळ गेल्या. मामांना वाटलं, आता टांग मारून एकट्या निघतील, त्यात चूक काही नाही. पण खड्ड्याच्या कडेने सायकल चालवणं शक्य नव्हतं. बाईंनी लाल दोरी उचलली, सायकल हातात धरली आणि तरातरा आत चालू लागल्या. मामाही आपली सायकल धरून मागे निघाले. असं अर्धा तास चाललं. बाई मनातल्या मनात ती जुनी वाट पुन्हा चालून बघत होत्या, चुकलेलं गणित मुलाने पहिल्या पायरीपासून तपासावं तशी. शेवटी त्या थांबल्या.

"एक सांगा. मला घरी सोडलं की तुम्ही म्हणायचात, मी जातो आता पुढे, सायकल आहे, दहा मिनिटांत पोचेन. तुमची खोली माझ्या घराच्या पुढे होती ना?"

"नाही."

"मग कुठे होती?"

"वर्कशॉपच्या वर. शाळेच्या समोर."

बाईंना क्षणभर नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"म्हणजे परत जायचात?"

"हो."

"कसे?"

"चालत," मामा म्हणाले. "सायकल घेऊन."

"रोज? एक तास येताना, एक तास जाताना?"

"जाताना जरा जास्त लागायचा. चढ होता."

"वर्षभर?"

"वर्षभर नाही," मामा प्रामाणिकपणे म्हणाले. आज आणखी खोटं नको होतं त्यांना. "दहा महिने. मधे शाळेला सुट्टी होती."

"आणि सायकल तरी कशाला ओढायचात मग? ती घरी ठेवायची!"

"माझी नव्हती ती, मित्राची होती. नुसता शेजारी चाललो असतो तर तू विचारलं असतंस, का येताय म्हणून. सायकल असली की माणूस घरी निघालाय असं वाटतं."

बाई रस्त्यातच खाली बसल्या. आधी त्या हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या, आणि नव्या बुटांच्या नाड्या उगाच सोडून परत बांधल्या. मामा दोन पावलांवर उभे. हात सायकलीत अडकलेले, त्यामुळे डोळे पुसायला जाणंही जमेना. त्यांचे स्वतःचेही वाहत होते.

"गाढव आहात," बाई उठत म्हणाल्या. "अगदी ठार गाढव." मग त्यांनी आपल्या सायकलीची मूठ मामांच्या मोकळ्या बाजूच्या हातात दिली. "ही पण धरा."

मामांनी धरली. दोन्ही हातांत दोन सायकली आणि मधे ते. बाईंनी त्यांच्या शर्टाची बाही कोपरापाशी घट्ट पकडली आणि दोघं चालू लागली. तळ्याचा वळसा अजून अकरा किलोमीटर होता, आणि तिसऱ्या तासाचा टोल त्या दिवशी कुणी दिलाच नाही.