चेकर्स खेळता खेळता आप्पा बोलले

मी निपाणीत हायस्कूलला विज्ञान शिकवते. स्टाफरूममध्ये चमत्काराच्या गोष्टी निघाल्या की हसून उठून जाणारी मीच... त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय.

माझं माहेर बेळगावचं, वडगावातलं. पुढच्या खोलीत पॉवरलूम, मागे घर. मागच्या वर्षी आप्पांना – माझ्या वडिलांना – अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून नुसतं 'अं... अं...' थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, मोबाईलवर एखादा गेम खेळू द्या. मी चेकर्स टाकून दिलं. तिरकी चाल, समोरच्याची सोंगटी उडी मारून खायची – आप्पांना लगेच जमलं. डाव्या हातानं ऑनलाइन खेळायचे.

हळूहळू एकच माणूस रोज दुपारी त्यांच्याशी खेळायला लागला. कुठला कोण, ठाऊक नाही. चॅटमध्ये कधी एक शब्द नाही. पण तो हरला की आप्पा गालात हसायचे. आई म्हणायची, "ह्यास्नी दोस्त गावलाय बघ."

त्या रविवारी मी वडगावला आलेले. जेवणं झाली होती, लूम बंद होते. आप्पांच्या शेजारी मी मेथी निवडत बसलेले. चाल त्या माणसाची होती. अचानक आप्पांनी मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले – अगदी स्वच्छ, पूर्वीच्याच आवाजात –

"वैशे, त्येला सांग. गॅस बंद कर म्हणावं."

आईच्या हातातलं ताट खाली पडलं. "अवो, बोललासा!" म्हणत ती रडायलाच लागली. मग धावत आत जाऊन बघून आली. "आपला बंदच हाय की वो..."

आप्पांनी जोरात मान हलवली आणि स्क्रीनवर बोट आपटलं.

मला खरं तर लाज वाटत होती. अनोळखी माणसाला असलं काय लिहायचं? पण आप्पांचे डोळे बघवेनात. मी इंग्लिशमध्ये टाइप केलं – 'कृपया तुमचा गॅस बघा.' उत्तर नाही. चालही नाही. वेळ संपली, आप्पा जिंकले असं स्क्रीनवर आलं. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी निपाणीला परतले होते, तेव्हा आप्पांजवळ राहणाऱ्या भावाचा फोन आला. "आक्का, त्या गेमवाल्याचा मेसेज आलाय. फोटो धाडतो, तूच वाच."

त्या माणसानं लिहिलं होतं – तो दुसऱ्या खोलीत खेळत होता. त्याच्या म्हाताऱ्या आईनं दूध तापत ठेवलं आणि तिथंच खुर्चीत तिला झोप लागली. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, गॅस तसाच सुरू. आमचा मेसेज बघून तो धावत गेला आणि गॅस बंद केला. 'आई बरी आहे. पण तुम्हाला कसं कळलं?'

मी तो गेम सगळा तपासला. कॅमेरा नाही, आवाज नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, वाचा कधी कधी अशी एकदम येते. आणि गॅसचं? त्यावर त्यांनी पुढचा पेशंट आत बोलावला. आप्पांना विचारलं तर डाव्या हातानं नवा डाव लावतात... त्यांनाही ठाऊक नसावं.

आता त्यांना 'पाणी', 'नको' एवढं जमतं. आई कधी कधी समोर बसून म्हणते, "येकदा माझं नाव तरी घ्या की." ते ओठ हलवतात. येत नाही. इतक्या महिन्यांत एकदाच सलग बोलले, ते आम्ही कधी न पाहिलेल्या कुणाच्या तरी आईसाठी.

त्या माणसाला मी दोन-तीनदा उत्तर लिहून खोडलं. शेवटी खरं तेच लिहिलं – आम्हालाही माहीत नाही.